करार झाला, विद्येचे काय?

जयगडच्या खाडीतून निघणाऱ्या मच्छीमार नौकेची भिस्त आज शिडावर नसून डिझेल इंजिनावर आहे. नव्या इंजिनांत इंधनाचे नियमन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. असले इंजिन एकाच कारखानदाराने सिद्ध करणे दुष्कर. म्हणून सहकार्याचे करार अटळ होत. परंतु करार म्हणजे विद्यार्जन नव्हे. 'टेल्को'ने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार केला, विद्या आत्मसात केली आणि १९६९ नंतर ती स्वबळावर उभी राहिली. उलट १९६२ साली पुण्यात जन्मलेल्या किर्लोस्कर-कमिन्समधून १९९७ मध्ये किर्लोस्करच बाहेर पडले; कारखाना राहिला, सूत्रे परदेशी गेली. कराराच्या कलमांत विद्येची हमी हवी आणि ती विद्या धक्क्यावरील कारागिरापर्यंत पोहोचावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. भरसमुद्रात इंजिन थांबले, तर करारपत्र वाचून तांडेलाला किनारा गाठता येत नाही!