'पतन' नेमके कोणाचे?

रघुनाथ धोंडो कर्वे हे नाव मराठी विभागांना आता अडचणीचे राहिलेले नाही. 'समाजस्वास्थ्य'चा (१९२७–५३) उल्लेख चर्चासत्रांत आदराने होतो. १९३४च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली आणि तरीही दंड झालाच, हेही सांगितले जाते. सांगायचे राहते ते एवढेच, की तो खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला होता. आम्ही कर्व्यांचे धैर्य शिकवतो; प्रश्न विचारणाऱ्या वाचकाला मात्र वर्गाबाहेर ठेवतो.

तो वाचक अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये 'गुप्तरोगा'ची पत्रके चोरून वाचत मोठा झाला. कामशक्ती वाढवणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४च्या कायद्याने बंदी आहे, याची त्या पत्रकांना कधीच फिकीर नव्हती. पण त्यांना भाषा पुरवली कोणी? 'शीघ्रपतन' हा शब्दच पाहावा. शरीराच्या एका प्रतिक्षिप्त क्रियेला 'पतन' म्हटले की निदानाआधीच निकाल लागतो. ('स्खलन' तरी कुठे निष्पाप आहे!) 'वीर्यनाश', 'धातू जाणे', 'दौर्बल्य' ही सगळी एकाच कुळातली मंडळी. या भीतीने खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६०मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. आमच्या कोशांनी त्याची दखल घेतलेली नाही.

वस्तुस्थिती एवढी भयंकर नाही. सुरुवातीपासूनच, जवळजवळ प्रत्येक वेळी, सुमारे मिनिटभरात स्खलन होणे, ते लांबवता न येणे आणि त्याचा मनस्ताप होणे, या तिन्ही गोष्टी असतील तरच वैद्यक त्याला जन्मजात विकार मानते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील पाहणीत घड्याळ लावून वेळ मोजली, तेव्हा निम्मे पुरुष साडेपाच मिनिटांच्या आतलेच निघाले. पहिल्या काही भेटींतली घाई हा रोग नव्हे. थांबून पुन्हा सुरुवात करण्याचा सराव जेम्स सीमन्स यांनी १९५६मध्येच सांगितला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची औषधेही आहेत. तक्रार नव्याने उद्भवली असेल तर थायरॉईड, प्रोस्टेट, मनावरचा ताण हे तपासावे लागते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी या विषयाचा स्वतंत्र विभागही उभा केला.

हे काम डॉक्टरांचे, साहित्याच्या प्राध्यापकांचे नव्हे, असे आम्हाला सुनावले जाते. मान्य. परंतु डॉक्टरांसमोर बसलेल्या मुलाला आपली तक्रार सांगायला एक लाजविरहित मराठी वाक्य लागते. ते त्याला कोण देणार? एम.ए.च्या वैचारिक गद्यात 'समाजस्वास्थ्य'मधील प्रश्नोत्तरे लावावीत, अशी आमची मागणी आहे. वर्गात मुली असतात, हा आक्षेप येईलच. असतात, आणि लग्नानंतर या अज्ञानाचा निम्मा भार त्यांनाच वाहावा लागतो.