सक्तीचे मतदान : दंड नेमका कोणाला?

आपल्या मंडळांच्या मेळाव्यांत भारतातील राजकारणाचा विषय निघाला की एक सूचना हमखास पुढे येते : तिकडे मतदान सक्तीचे करावे आणि जो मत देणार नाही त्याला दंड करावा. सूचना करणारे बहुधा सुशिक्षित व सुस्थित असतात, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. तथापि ही सूचना आंबेडकरी विचाराशी विसंगत आहे, आणि ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या आपणासारख्यांच्या तोंडी तर ती मुळीच शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मताधिकार आपणास कोणी दान म्हणून दिलेला नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराच्या अटी शिथिल करण्याची मागणी केली. १९२८ साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराचा आग्रह धरला. त्या काळी मत मिळे ते मालमत्ता, करभरणा आणि शिक्षण पाहून. ज्यांना या गोष्टींपासून हेतुपुरस्सर दूर ठेवले, त्यांनाच अपात्र ठरविण्याची ती सोय होती. संविधानाच्या ३२६ व्या कलमाने ती संपविली. पुढे १९५१ साली लोकप्रतिनिधित्व विधेयकावरील चर्चेत एका सदस्याने सक्तीच्या मतदानाची कल्पना मांडली, तेव्हा कायदामंत्री या नात्याने बाबासाहेबांनीच व्यावहारिक अडचणींचे कारण देऊन ती नाकारली. मताधिकारासाठी तीन दशके झगडलेल्या महापुरुषाने सक्ती का नाकारली, याचा विचार आपण केला पाहिजे.

गुजरातेत हा प्रयोग होऊ घातला होता. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक तेथील विधानसभेने २००९ साली संमत केले. राज्यपालांची संमती त्याला २०१४ साली मिळाली. नियमांत १०० रुपयांचा दंड ठरला. ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने अंमलबजावणीस स्थगिती दिली. त्याच वर्षी विधी आयोगानेही आपल्या २५५ व्या अहवालात सक्तीच्या विरोधात शिफारस केली. गंमत अशी की, याच राज्यात २००१ पासून ‘समरस’ योजनेखाली निवडणूक न घेता बिनविरोध पंचायत निवडणाऱ्या गावांना अनुदान मिळत होते. गाव एकमताने ठरविते म्हणजे गावात कोण ठरवितो, हे ज्यांनी गावकुसाबाहेर दिवस काढले त्यांना सांगावयास नको. एका हाताने मतपेटीच टाळल्याबद्दल बक्षीस द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने मत न देणाऱ्यास दंड करावयाचा, याला लोकशाहीनिष्ठा कसे म्हणावे?

आता दंड कोणाला होईल ते पाहा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात अथवा कर्नाटकात जातो. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला, ऐन हंगामाच्या तोंडाशी झाली. अशा कामगाराचे नाव गावच्या यादीत आणि तो फडाजवळच्या कोपीत. स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची योजना निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केली. राजकीय पक्षांच्या आक्षेपांनंतर ती मागे पडली. तुरुंगातील लाखो कच्च्या कैद्यांना तर, गुन्हा शाबीत झालेला नसतानाही, कायद्यानेच मत देता येत नाही. ज्यांना मत द्यावयाचे आहे त्यांना राज्यसंस्था ते देऊ देत नाही. मग दंडाची भाषा कोणत्या अधिकाराने? ताप आला म्हणून रोग्यालाच दंड करणारा वैद्य आम्ही तरी अद्याप पाहिलेला नाही.

आणि आपण? ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले त्यांना भारतात मत नाही. ओसीआय कार्डाने ते मिळत नाही. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना २०१० च्या दुरुस्तीने गावच्या यादीत नाव नोंदविता येते, परंतु मत देण्यास स्वतः हजर राहावे लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत असे परदेशस्थ मतदार १,१९,३७४ होते. त्यांपैकी मत दिले २,९५८ जणांनी, म्हणजे शंभरात जेमतेम अडीच. तिकीट महाग, रजा मिळत नाही, ही आपली कारणे खरीच आहेत. मग तीच कारणे ऊसतोड कामगाराने सांगितली तर तो बेजबाबदार कसा?

ऑस्ट्रेलियाचा दाखला नेहमी दिला जातो. तेथे १९२४ च्या कायद्याने सक्ती आली आणि मतदान वाढले, हे खरे. परंतु तेथे मतदान शनिवारी होते, टपालाने मत देता येते, रुग्णालयांत व दूरच्या वस्त्यांत फिरती मतदान पथके जातात. सक्ती नागरिकावर आहे त्याहून अधिक व्यवस्थेवर आहे. तरीही आदिवासींना देशपातळीवर सरसकट मताधिकार मिळण्यास १९६२ साल उजाडावे लागले, हेही विसरू नये.

आपल्या परंपरेत याहून चांगला आदर्श आहे. विनयपिटकातील महावग्गात संघकर्माचा नियम असा : आजारी भिक्खूने आपली संमती, म्हणजे ‘छंद’, दुसऱ्या भिक्खूबरोबर पाठवावी, ते शक्य नसल्यास त्याला मंचकासह संघात आणावे, आणि हलविल्याने आजार बळावणार असेल, तर संघानेच त्याच्यापाशी जावे. त्याला वगळून कर्म करू नये. सहभाग येथेही आवश्यक मानला आहे, परंतु त्याचा भार आजाऱ्यावर नसून संघावर आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्धांच्या व ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांच्या घरी मतपत्रिका नेण्याची सोय होती. शासन वृद्धाच्या खाटेपाशी जाऊ शकते, तर कामगाराच्या कोपीपाशी का जाऊ शकत नाही?

सक्ती करावयाचीच तर ती आपण स्वतःवर करावी. कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनच्या पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देता येते, टपालानेदेखील. जातीवर आधारित भेदभाव समता कायद्यात आणण्याचे बंधन पार्लमेंटने २०१३ साली सरकारवर घातले. जुलै २०१८ मध्ये सरकारने ते पाळण्याऐवजी ती तरतूदच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. विरोधक संघटित होते. खासदार आपल्या मतदारसंघातील मते मोजतो. ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांची निवेदने तो मोजत नाही. प्रत्येक विहारात आणि प्रत्येक जयंतीस मतदार नोंदणीचे एक टेबल असावे, अठरा वर्षांच्या मुला-मुलींचे नाव तेथे घरच्यांनी सोबत जाऊन नोंदवावे, आणि गावाकडच्या बांधवांसाठी दंडाची नव्हे, तर मतपेटी त्यांच्या दारी आणण्याची मागणी करावी. दुसऱ्याच्या कर्तव्याविषयी बोलण्याचा अधिकार आपणास त्यानंतरच प्राप्त होईल.