गुलाबी थंडी आणि सातची घंटा

दिवाळी अंक उघडावा आणि त्यात ‘गुलाबी थंडी’ सापडू नये, असे सहसा घडत नाही. कथेतला नायक गुलाबी थंडीत फिरायला निघतो, नायिका गुलाबी थंडीत शाल सावरते आणि कविमंडळींना तर कार्तिक लागला की दुसरा रंगच दिसेनासा होतो. ह्या थंडीचा गुलाबी रंग नेमका कोणी पाहिला, असे मात्र कोणी विचारीत नाही. घाटावरच्या गावांत शिक्षकी करता करता मला वीस वर्षे झाली. थंडीचे पुष्कळ रंग मी पाहिले. सकाळी सात वाजता पहिल्या बाकावर बसलेल्या पोराच्या ओठांवरचा निळसर रंग पाहिला. उललेल्या गालांवरचा पांढुरका रंग पाहिला. भेगाळलेल्या टाचेतला लालही पाहिला. गुलाबी तेवढा दिसायचा राहिला. तो दिसण्यासाठी अंगावर गोधडी, हातात चहाचा कप आणि घराबाहेर पडण्याची सक्ती नसणे, अशा तीन गोष्टी लागत असाव्यात.

सणासुदीला असले कडू बोलू नये, हे मला कळते. परंतु आमच्या कोकणात नरकचतुर्दशीला पहाटे पायाखाली कारीट फोडतात, त्याचा कडू रस जिभेला लावतात आणि मगच फराळाच्या ताटाकडे वळतात. हा लेख वाचकांनी ते कारीट समजावे. चकल्या-करंज्या पुढे आहेतच.

कोकणाचे नाव निघाले म्हणून सांगतो. तिकडून घाट चढून आलेल्या माणसाचा कार्तिक-मार्गशीर्ष फार वाईट जातो. डिसेंबरात रत्नागिरीला पहाटेसुद्धा पारा वीस अंशांच्या आसपास असतो. एक पंचा अंगावर घेतला की माणूस खळ्यात बसून दात घासू शकतो. त्याच पहाटे नाशकात किंवा पुण्यात पारा दहा-अकरावर उतरलेला असतो, आणि निफाडच्या बाजूला कडाका पडला म्हणजे पाचाच्याही खाली जातो. ह्याचे कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे. समुद्र दिवसाची ऊब रात्रभर राखून ठेवतो आणि काठच्या माणसांना पहाटेपर्यंत पुरवितो. घाटावरची कोरडी जमीन मात्र उधळ्या वारसदारासारखी : दिवसभर मिळालेले सगळे ऊन ती निरभ्र आकाशाखाली एका रात्रीत उडवून मोकळी होते. म्हणून दुपारी तीस अंशांवर घाम पुसणारा मनुष्य पहाटे कुडकुडत उठतो. मग त्याला माहेरच्या सुनेप्रमाणे समुद्र आठवतो. आपण इथे का आलो, असे वाटते.

तरीही थंडीला शिव्या देण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. थंडी नसेल तर गहू पोसणार नाही आणि हरभऱ्याचा घाटा भरणार नाही. इतकेच काय, ज्या कोकणच्या उबेसाठी मी उसासे टाकतो, त्या कोकणातल्या हापूसलासुद्धा मोहोर येण्यासाठी रात्रीचा गारवा लागतो. डिसेंबर ऊबदार गेला की वैशाखात आंब्याची पेटी महागते. तेव्हा ह्या राज्यातली थंडी हटवून सगळीकडे रत्नागिरी करा, अशी मागणी करण्याइतका मी खुळा नाही. माझे भांडण ऋतूशी नाही. माझे भांडण घंटेशी आहे : सकाळी सात वाजता वाजणाऱ्या शाळेच्या घंटेशी.

मोठ्या माणसांची थंडी त्यांच्या पोटाशी बांधलेली असते. ऊसतोडणीची माणसे दिवाळी झाली न झाली तोच बीड-नगरकडून कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि उसाच्या फडाकडेला कोप्या घालून, उजाडण्याआधी हातात कोयता घेतात. निफाडचा द्राक्षबागाईतदार रात्री उठतो, बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवितो, पहाटेचे पाणी सोडतो. कारण पारा उतरला तर मण्यांना तडा जातो. ह्या माणसांनी निसर्गाशी करार केलेला आहे, आणि तो मोडणे त्यांच्या हातात नाही. मुलांची थंडी तशी नव्हे. ती आपण वेळापत्रकात, शाईने, सही-शिक्क्यानिशी लिहून दिलेली आहे. द्राक्षाच्या मण्यासाठी शेकोटी पेटविणारा हा महाराष्ट्र त्याच पहाटे आपले पोर अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फाटकाबाहेर काढतो आणि त्याला शिस्त म्हणतो!

आता थोडे गणित. आपले घड्याळ चालते ते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाच्या सूर्यावर. तो रेखांश मिर्झापूरजवळून जातो. नाशिक त्याच्या पश्चिमेला जवळजवळ नऊ अंश, मुंबई जवळजवळ दहा अंश. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो, हे सातवीचा मुलगाही सांगेल. म्हणजे नाशकात घड्याळ सूर्याच्या पस्तीस मिनिटे पुढे पळते आणि मुंबईत एकोणचाळीस. ह्याच एकोणचाळीस मिनिटांवरून एकेकाळी मुंबईत रण माजले होते. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने नवी प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा गिरणीकामगारांनी तिच्याविरुद्ध आवाज उठविला आणि शहराने ‘मुंबईची वेळ’ हट्टाने वेगळी ठेवली. ती थेट १९५५ पर्यंत चालली. त्या कामगारांच्या हातात घड्याळ नव्हते. पण आपल्याला आता अंधारात उठावे लागणार, हे त्यांना बरोबर कळले होते. आज शाळेत जाणाऱ्या मुलांना ते कळत नाही असे नाही. त्यांना विचारतो कोण?

ह्या हिशेबाने डिसेंबरच्या मध्याला नाशकात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि जानेवारीच्या मध्याला सात वाजून दहा मिनिटांच्याही नंतर. बावीस डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो हे खरे. पण ती वाढ आधी संध्याकाळच्या पदरात पडते, आणि सकाळ संक्रांतीपर्यंत आणखी उशिरा होत जाते. म्हणजे शाळेची प्रार्थना होते तेव्हा सूर्य उगवायचा असतो. त्यातही मेख अशी, की चोवीस तासांत सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसते. ते सूर्योदयाच्या सुमारास असते. आपण मुलांना घराबाहेर काढण्यासाठी दिवसातला नेमका सर्वांत गार क्षण शोधून काढला आहे. पंचांग घेऊन बसलो असतो तरी इतका वाईट मुहूर्त सापडला नसता!

सातच्या शाळेसाठी वस्तीवरचे मूल साडेपाचला उठते. पोटात काही पडत नाही. फार तर चहात बुडविलेले बिस्कीट. काहींना सहाची एस. टी. धरायची असते, काही उसाच्या बांधाने पायी येतात. जुन्नर-आंबेगावकडे त्या उसात बिबटे राहतात, हे उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वर गणवेशाचा नियम. एका शाळेत थोरल्या बहिणीचा पिवळा स्वेटर घालून आलेल्या मुलाला, रंग नियमात बसत नाही म्हणून, तो काढायला लावलेला मी पाहिला आहे. त्या दिवशी शाळेच्या शिस्तीला ऊब आली असेल. मुलगा पहिले दोन तास काखेत हात घालून बसला होता. अशा हातांनी शुद्धलेखन काय होणार? आणि पहिल्या तासाला आम्ही गणित घेतो, का, तर सकाळी बुद्धी ताजी असते! ताजी असते खरी. पण ती गोधडीत राहिलेली असते.

ह्यावर जे आक्षेप येतात ते मला पाठ झाले आहेत. पहिला : ‘आम्हीसुद्धा असेच शिकलो. थंडीने मूल कणखर होते.’ हे सांगणारे गृहस्थ बहुधा कानटोपी घातलेले असतात. थंडीने कणखर झालेली माणसे पाहायची असतील तर उसाच्या फडावर जावे. तिथे चाळिशीत म्हातारी झालेली माणसे दिसतील.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. ‘आपल्या पूर्वजांनी धुंधुरमास पाळला, पहाटे उठून सूर्योदयाला जेवण केले.’ अगदी बरोबर. पण त्या जेवणात काय असे, हेही सांगावे. वाफाळणारी मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि बाजूला चूल! आपल्या पूर्वजांनी मुलाबाळांना थंडीत उठविले ते ताटावर बसविण्यासाठी. दिवाळीच्या पहाटेचेही तेच : उठविले, तर हंडाभर कढत पाणी, तेल आणि उटणे हाताशी ठेवून उठविले. संक्रांतीला तीळगूळ, भोगीला बाजरी. ज्या समाजाच्या सणांना थंडी कळत होती, त्याच समाजाच्या शाळेला ती कळू नये, ह्याला संस्कृती म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. ‘इमारत एक आणि सत्रे दोन. सकाळचे सत्र पुढे ढकलले तर दुपारच्या मुलांना बसवायचे कुठे?’ ठीक आहे. दुपारच्या सत्राला हातच लावू नका. सकाळच्या सत्रात आठ तासिका असतील, तर डिसेंबर-जानेवारीत प्रत्येकीची पाच मिनिटे काढा. चाळीस मिनिटे वाचली. शाळा सातऐवजी सात चाळीसला भरवा आणि सुटायची तेव्हाच सोडा. दोन महिन्यांत शाळेचे दिवस पंचेचाळीस धरले तर बुडाले किती? अठराशे मिनिटे, म्हणजे तीस तास. आता जूनकडे पाहा. त्या महिन्यात सूर्य सहाच्या आत उगवतो. जून ते ऑक्टोबरचे शंभर दिवस धरा आणि शाळा रोज अठरा मिनिटे लवकर भरवा. अठराशे मिनिटे परत आली. अभ्यासक्रमाचा एक धडा बुडाला नाही, एक नवी खोली बांधावी लागली नाही, सरकारचा एक रुपया खर्च झाला नाही.

आणि वेळ बदलणे हे काही अघटित आहे काय? मार्चमध्ये ऊन तापू लागले की दुपारच्या शाळा सकाळच्या होतात. तेव्हा आकाश कोसळत नाही. रिक्षावाले, स्वयंपाक करणाऱ्या बाया, शिपाई, शिक्षक सगळे आठ दिवसांत रुळतात. उन्हाळ्याला नमणारी घंटा हिवाळ्याला का नमत नाही? माझे उत्तर कडू आहे : उन्हाळ्याची दुपार शिक्षकांना आणि साहेबांनाही भाजते, हिवाळ्याची पहाट मुख्यतः मुलांना लागते.

सरकारला हे अजिबात कळलेले नाही, असेही नाही. मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने निर्णय काढला, की त्या वर्षीच्या नव्या शैक्षणिक वर्षापासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगला निर्णय आहे. पण त्यात अडचणीच्या शाळांसाठी पळवाट आहे, आणि पाचवीपासून पुढच्या मुलांचा विचारच नाही. चौथीची परीक्षा पास झाली म्हणून मुलाच्या अंगावर काही लोकर उगवत नाही!

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. उबदार मुलुखाची ओढ सगळ्यांनाच असते. ज्यांना परवडते ते नाताळात गोव्याला जातात. माझ्यासारखे खिडकीशी उभे राहून समुद्र आठवतात. मुलांना दोन्ही करता येत नाही. पण त्यांचा उबदार मुलूख फार लांब नाही. त्यासाठी आंबा घाट उतरावा लागत नाही. तो सकाळी सात आणि सात चाळीस ह्यांच्या मध्ये आहे. तेवढ्या वेळात सूर्य हातभर वर येतो, पटांगणात ऊन पडते, मूल घरून भाकरीचा तुकडा खाऊन निघते आणि वाट दिसते. ती चाळीस मिनिटे म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. आपल्या सूर्याची ती चाळीस मिनिटे घड्याळाने कधीच उचलून नेली आहेत. ती दोन महिन्यांपुरती परत मागायची आहेत.

आणि मागायची कोणी? शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती दिलेली आहे आणि तिच्यात पंचाहत्तर टक्के जागा आईबापांच्या आहेत. हा अंक ज्या घरांत वाचला जात असेल त्यांतल्या पुष्कळांची मुले शाळेत जातात. सुटी संपून शाळा उघडली, की त्या समितीच्या पहिल्या सभेला जा. ज्यांची शाळा खाजगी आहे त्यांनी पालकसभेत उभे राहा. वर मांडलेले गणित कागदावर लिहून न्या. मुख्याध्यापक भले असतात, त्यांना फक्त कोणीतरी आधी बोललेले हवे असते. मार्गशीर्ष लागायच्या आत हे झाले तर ह्याच हिवाळ्यात होईल. मग पुढच्या दिवाळी अंकात खुशाल गुलाबी थंडी लिहा. मीही वाचीन.