बेस गिटार स्वस्तच घ्या, हात आणि कान सांभाळा

२००८ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला. ८२ निरोगी स्वयंसेवकांच्या मनगटाला विजेचे झटके देण्यात आले, मग एक 'नवी वेदनाशामक गोळी' देण्यात आली आणि पुन्हा झटके देऊन वेदना किती कमी झाली ते विचारले गेले. निम्म्यांना ही गोळी अडीच डॉलरची आहे असे सांगितले होते, उरलेल्यांना तीच गोळी सवलतीत दहा सेंटला मिळते असे. प्रत्यक्षात दोन्ही गोळ्यांत औषध नव्हतेच. तरीही महाग गोळीवाल्यांपैकी ८५ टक्के जणांना वेदना कमी वाटली, स्वस्त गोळीवाल्यांपैकी ६१ टक्के जणांना. सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर फुकट मिळालेली गोळी 'लागू पडत नाही' आणि तेच औषध बाहेरून चकचकीत पाकिटात आणले की गुण येतो, ही तक्रार ज्यांनी ऐकली आहे त्यांना या आकड्यांचे नवल वाटणार नाही.

किमतीचा हा परिणाम औषधापुरता थांबत नाही. सध्या अकरावी-बारावीतली बरीच मुले-मुली बेस गिटारचा हट्ट धरतात. मुंबईत वाढलेल्या मोहिनी डे यांच्यासारखी वादक जगभर गाजते आहे, तेव्हा हट्टालाही कारण आहे. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात असो की ऑनलाइन, साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत नवी बेस गिटार मिळते. तिच्याशेजारीच दोन लाखांच्या आसपासची अमेरिकी बनावटीची टांगलेली असते. दोन्ही दिसायला सारख्याच. मग 'घ्यायची तर चांगलीच घेऊ' म्हणून वडील हप्त्यांचा हिशेब करू लागतात. बहुतेक वेळा हा खर्च अनाठायी असतो. जिथे खर्च खरोखर करायला हवा, तिकडे मात्र कोणाचे लक्ष नसते.

सुरुवात पॉल मॅककार्टनी यांच्यापासून करू. १९६१ मध्ये बीटल्स हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्र रात्र वाजवत होते. बँडमधला बेसवादक बाहेर पडला आणि ते काम मॅककार्टनींच्या गळ्यात पडले. तेव्हा फेंडर कंपनीची बेस शंभर पौंडांच्या आसपास होती, ती परवडणारी नव्हती. त्यांनी तीसेक पौंडांची हॉफनर ही जर्मन बनावटीची बेस घेतली. व्हायोलिनच्या आकाराची, आतून पोकळ, वजनाला जेमतेम अडीच किलो. आकार दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने डावखुऱ्या माणसाच्या हातात ती वेडगळ दिसत नव्हती, हेही त्यांनी नंतर सांगितले आहे. बीटल्सची सुरुवातीची गाणी या स्वस्त वाद्यावर वाजली. १९७२ मध्ये ती लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली आणि पन्नासहून अधिक वर्षांनी सापडली. २०२४ मध्ये तिची बातमी जगभर झाली. आज तिची किंमत करणे अवघड आहे, पण घेताना तिचा मोठा गुण 'परवडते' हाच होता.

आता थोडे विज्ञान. विजेवर चालणाऱ्या बेस गिटारमध्ये आवाज लाकूड घुमल्याने मोठा होत नाही. तारेखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिला पिकअप म्हणतात. लोखंडी तार थरथरली की गुंडाळीत अगदी लहानसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो अ‍ॅम्पमध्ये जातो. त्यामुळे सतार किंवा तंबोऱ्याला भोपळ्याचे जे महत्त्व, ते इथे लाकडाला नाही. तार कोणती, पिकअप तारेपासून किती दूर, बोट कुठे आणि कसे पडते, यावर आवाज बराचसा ठरतो. शिवाय चीन-इंडोनेशियातल्या कारखान्यांत आज लाकूड संगणकाच्या नियंत्रणाखाली कापले जाते. चाळीस वर्षांपूर्वीची स्वस्त वाद्ये खरोखरच वाईट असत. आजची तशी नाहीत.

महाग वाद्य 'ऐकूनच कळते' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. औषधाच्या चाचणीत जसे रुग्णाला आणि डॉक्टरलाही गोळी कोणती ते कळू देत नाहीत, तशी चाचणी व्हायोलिनवर झाली आहे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात २१ कसलेल्या वादकांना अंधूक खोलीत, काळे चष्मे घालून, तीन नवी आणि तीन जुनी इटालियन व्हायोलिने वाजवायला दिली. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तरसुद्धा लावले होते. बहुतेकांनी घरी न्यायला नवे वाद्य निवडले आणि सर्वांत कमी पसंती मिळालेले वाद्य स्ट्रॅडिव्हेरियस निघाले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे लाकूड हाच आवाजाचा आत्मा, तिथे ही गत. मग चुंबक आणि तांब्याच्या वाद्यात किमतीवरून आवाज ओळखल्याचा दावा थोडा सबुरीनेच घ्यावा.

याचा अर्थ स्वस्तातले काहीही उचलावे असा नाही. जेनेरिक औषध चालते, कारण त्याची तपासणी झालेली असते. स्वस्त बेस गिटारचीही तपासणी करावी लागते आणि ती कानाने कमी, हाताने जास्त.

बेस गिटारच्या तारा जाड असतात. एकेका तारेवर सुमारे पंधरा ते वीस किलोचा ताण असतो, साध्या गिटारपेक्षा बराच जास्त. तार पडद्यापासून जितकी उंच, तितका जोर डाव्या हाताला लावावा लागतो. वादक मंडळी या उंचीला 'अ‍ॅक्शन' म्हणतात. बाराव्या पडद्यापाशी ती दोन ते अडीच मिलिमीटर असली की बहुतेकांना सोयीची पडते. कारखान्यातून निघालेल्या स्वस्त वाद्यात ती पुष्कळदा याहून जास्त असते, कारण हाताने बारीक जुळवणी करण्याचा वेळ कंपनी वाचवते. किंमत कमी ठेवण्याचा हा एक मार्गच आहे. नवशिका मग अंगठ्याने मागून जोरात दाबतो, मनगट आत मुडपतो आणि महिनाभरात अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागते. घरचे म्हणतात, सवय होईल. सवय बोटांच्या टोकांना होते, तिथली कातडी टणक होते आणि ते ठीकच आहे. मनगटाच्या कंडरांना आणि नसांना मात्र अशी सवय होत नाही.

लक्षणे ओळखणे कठीण नाही. रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातून जाणारी नस दाबली जाते आहे. अनामिका आणि करंगळीला मुंग्या येत असतील, तर दोष बहुधा कोपरापाशी, कारण वाजवताना तो बराच वेळ घट्ट मुडपलेला असतो. वाजवणे थांबवल्यावरही दुखणे किंवा बधिरपणा दुसऱ्या दिवसापर्यंत राहिला, तर विश्रांती घ्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे. 'दुखले तरी वाजवत राहा' हा सल्ला कोणत्याही गुरूने दिला तरी तो ऐकू नये.

यावर उपाय बहुतेकदा किरकोळ असतो. दुकानातच किंवा गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून 'सेटअप' करून घ्यावा. गिटारच्या मानेत एक पोलादी कांब असते, तिचा ताण कमी-जास्त करून मानेचा बाक सारखा करता येतो. तारांची उंची, वरच्या टोकाच्या खाचा, कापऱ्या राहिलेल्या पडद्यांच्या कडा, हे सारे त्यातच येते. यासाठी लागणारे हजार-दोन हजार रुपये वाचवून वरच्या मॉडेलला घालणारे ग्राहक पाहिले की वाईट वाटते.

दुसरी गोष्ट लांबी. नेहमीच्या बेसच्या तारेची मोकळी लांबी ३४ इंच असते. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसपासून ते माप रूढ झाले. या मापाच्या बेसवर पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर जवळजवळ १३ सेंटिमीटर आहे. ३० इंची बेसवर तेच साडेअकरा सेंटिमीटरच्या आत येते. दीड सेंटिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. लहान पंजाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला तेवढ्यात वाजवणे आणि रडणे यांतला फरक कळतो. ३० इंची बेसला 'लहान मुलांची' म्हणून नाक मुरडणाऱ्या विक्रेत्याला मॅककार्टनींची हॉफनर ३० इंचीच होती, एवढे सांगावे. आणि ३४ इंचीच घ्यायची असेल, तर खालच्या स्वरांपाशी चार पडद्यांवर चार बोटे ताणण्याचा आग्रह नको. उभा डबल बेस वाजवणारे पिढ्यान्‌पिढ्या तिथे तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढीच वापरतात, अनामिका करंगळीला टेकू देते.

वजन मात्र तराजूवरच पाहावे. बेस साडेतीन ते साडेचार किलोची असते आणि उभे राहून वाजवताना ते सगळे एका खांद्यावर येते. काही वाद्यांचे डोके जड असते, हात सोडला की मान खाली झुकते आणि मग डावा हात सूर धरण्याऐवजी वाद्य सावरू लागतो. दुकानात पट्टा लावून उभे राहावे आणि दोन्ही हात सोडून पाहावे. ही परीक्षा फुकट आहे. पट्टा रुंद घ्यावा.

कानाचे गणित याहून गमतीचे आहे. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. माणसाचा कान इतक्या खाली फार मंद असतो. दोन-चार हजार हर्ट्झला जो आवाज सहज कानावर येतो, त्याच्यापेक्षा सुमारे पन्नास डेसिबल अधिक जोर असल्याशिवाय ४० हर्ट्झचा स्वर ऐकूच येत नाही. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख मांडले होते. मग घरातल्या पंधरा वॉटच्या लहान अ‍ॅम्पवर, ज्याचा स्पीकर ४१ हर्ट्झ नीट काढूच शकत नाही, तो स्वर कसा कळतो? त्या तारेतून ८२, १२३, १६४ अशी पटीतली कंपनेही निघतात. मेंदू त्यांच्यातल्या समान अंतरावरून मूळ स्वर ओळखतो, तो हवेत जवळपास नसला तरी. मोबाइलवर गाणे ऐकतानाही हेच घडते. म्हणून घरी शिकायला मोठा अ‍ॅम्प लागत नाही. उरलेले काम मेंदू फुकटात करतो.

ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवत जाणे हा मात्र धोका. एकट्या बेसने कान बिघडण्याची शक्यता कमी. पण बँडमध्ये बेसवादक बहुधा ड्रमरच्या लगत, त्याच्या झांजांपाशी उभा असतो. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला ती उरते पंधरा मिनिटे. सराव दोन-दोन तास चालतो. मोबाइलवरचा आवाज मोजणारा अ‍ॅपही बेसच्या बाबतीत फसवतो. तो कानाच्या सवयीप्रमाणे खालचे स्वर वजा करूनच आकडा दाखवतो, ४० हर्ट्झपाशी तर जवळपास ३५ डेसिबल. नुकसान सुरू होते ते चार हजार हर्ट्झच्या आसपास. बेसवादकाला म्हणूनच ते कळत नाही, त्याचे स्वर त्याला नीट ऐकू येत राहतात. बोलण्यातले स, फ, थ अस्पष्ट होतात आणि घरचे म्हणतात, 'लक्ष नसते याचे'. सरावानंतर कानात शिट्टी वाजत राहिली, तर ती सूचना समजावी. कानात कापसाचा बोळा घालून उपयोग नाही. वादकांसाठीचे कानबोळे मिळतात, ते सर्व स्वर सारखेच कमी करतात. विसर्जन मिरवणुकीत भिंतीएवढ्या स्पीकरसमोर नाचणाऱ्यांसाठीही ते चालतील.

खालचे स्वर ऐकायला शिकणे हाही या खरेदीचा भाग आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक निरीक्षण मांडले. वरचा आणि खालचा स्वर एकत्र वाजत असताना खालचा थोडा आधी आला, तर मेंदूला ती चूक अधिक ठळक जाणवते आणि टिचकीने धरलेला ठेकाही त्यालाच अनुसरून सरकतो. जगभर लय धरण्याचे काम खालच्या वाद्यांकडे का, याचे एक कारण कानातच सापडते. बेसवादकाची चूक श्रोत्याला 'बेसुर' म्हणून कळत नाही, गाणे अडखळल्यासारखे वाटते. सत्तरच्या दशकातली राहुल देव बर्मन यांची गाणी हेडफोनवर हळू आवाजात लावून फक्त खालची ओळ गुणगुणून पाहावी. पाठ असलेले गाणे दुसरेच वाटू लागते.

डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन यांनी मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत अशीच ओळ वाजवली, मुख्यतः उजव्या हाताच्या एका तर्जनीने, १९६२ च्या एका प्रिसिजन बेसवर. तिच्या तारा ते सहसा बदलतच नसत. त्यांची अ‍ॅक्शन उंच होती, हेही खरे. पण ते डबल बेसवर तयार झालेले होते, नवशिक्याने त्यांचे तेवढे अनुकरण करू नये.

हाताळलेली बेस घेतली तरी चालते. मानेकडे एका टोकाकडून डोळा लावून पाहावे. थोडा बाक सुधारतो, पीळ पडलेली मान सुधारत नाही. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा दाबून वाजवावा, बटणे फिरवून खरखर ऐकावी. खरखर स्वस्तात जाते. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात जुलैच्या दमटपणाने मान हलते आणि एप्रिलमध्ये बरोबर असलेली उंची बिघडते. तेव्हा दर पावसाळ्यात एकदा कारागिराकडे जाण्याचे पैसे खरेदीच्याच दिवशी बाजूला काढून ठेवावेत.