‘इनलाइन’चं पाठांतर

‘इनलाइन फंक्शनचे फायदे लिहा’ हा इंजिनिअरिंगच्या परीक्षेतला हमखास प्रश्न. उत्तरही ठरलेलं: फंक्शन कॉलचा वेळ वाचतो, वेग वाढतो, मात्र फंक्शनमध्ये लूप असेल तर ते इनलाइन होत नाही. यातलं शेवटचं वाक्य म्हणजे टर्बो सी++चा नियम. १९९०च्या दशकाच्या आरंभीचा तो कंपायलर ‘फॉर’ दिसला की तसा इशाराच द्यायचा. आजचा जीसीसी कंपायलर लूपवालं फंक्शनही फायद्याचं वाटलं तर खुशाल इनलाइन करतो, म्हणजे कॉलच्या जागेवरच त्याचा कोड उतरवतो. कंपायलर बदलला, नोट्सच्या झेरॉक्स मात्र त्याच!

‘इनलाइन’ लिहिणं म्हणजे हुकूम नव्हे, विनंती. ती मानायची की नाही हे कंपायलर ठरवतो, आणि त्याचा हात किती सैल सोडायचा हे आपण ऑप्टिमायझेशनच्या पातळीतून ठरवतो. ओ-० वर जीसीसी सक्तीशिवाय काहीच इनलाइन करत नाही. ओ-२ वर न सांगताही करतो, २०२०मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून तर अधिकच; ओ-३ वर आणखी सढळ हातानं. एखादं फंक्शन वेगळंच ठेवायचं असेल तर त्याला ‘नोइनलाइन’ची खूण करता येते, सक्ती करायची तर ‘ऑलवेज इनलाइन’ची.

सक्तीची किंमत असते. विहिरीवरची मोटर चालू-बंद करणारा प्रोजेक्ट मुलं आर्डुइनो उनोवर करतात. त्याची फ्लॅश मेमरी ३२ केबी. मोठं फंक्शन दहा ठिकाणी उतरवलं तर ती बघता बघता भरते. म्हणून तिथं आकार राखणारी ओ-एस पातळीच आधीपासून लावलेली असते.

मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसीचं अंतरंग उलगडणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. तेवढ्या खोलात जायला नको. पाथर्डी तालुक्यातल्या तिसगावात बसूनही हे पडताळता येतं. जुना लॅपटॉप आणि फुकटचा जीसीसी पुरे. संख्येचा वर्ग काढणारं छोटं फंक्शन लिहा. संख्या वापरणाऱ्याकडून घ्या, नाहीतर कंपायलर उत्तरच आधी काढून ठेवील. मग ओ-० आणि ओ-२ लावून असेंब्ली काढा. पहिल्या फाइलीत ‘मेन’मध्ये त्या फंक्शनचा ‘कॉल’ दिसेल; दुसरीत त्या जागी थेट गुणाकार.

पेपर काढणाऱ्यांनी एकदा फायदे विचारणं सोडावं. अशा दोन फाइली छापाव्यात आणि विचारावं: यातली ओ-२ची कोणती, आणि कशावरून?