वाटोळ्या वस्तूंचा हिशेब शेतकऱ्यानें स्वतः करावा

शेत चौकोनी असलें म्हणजे लांबीरुंदीचा गुणाकार करून त्याचें क्षेत्रफळ काढणें आमच्या बहुतेक शेतकरीबंधूंस येतें. परंतु विहीर, नळ, खळें, झाडाचें आळें या वस्तु वाटोळ्या आहेत, आणि पैशाची नुकसानी पुष्कळदां तेथेंच होते. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. तेव्हांपासून माढा, करमाळा व इंदापूर तालुक्यांतील जलाशयाकाठच्या गांवांत ऊंस व केळी यांचे मळे वाढले, आणि त्यांबरोबर पाण्यावरील खर्चही वाढला. सबब हा हिशेब दुसऱ्यावर सोपवून चालणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

रीत सोपी आहे. व्यासास २२ नें गुणून ७ नें भागिलें म्हणजे परीघ येतो. परिघास व्यासाच्या चतुर्थांशानें गुणिलें म्हणजे क्षेत्रफळ येतें. ही रीत आपणांस परकी नव्हे. भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या लीलावतींत ती सांगितली असून, सूक्ष्म कामास ३९२७/१२५० व व्यवहारास २२/७ असा भेदही केला आहे.

आतां विहीर घ्या. खोदकामाचा दर ब्रासावर, म्हणजे १०० घनफुटांवर, ठरतो. व्यास २८ फूट असल्यास परीघ ८८ फूट होतो. त्यास ७ नें गुणिलें म्हणजे क्षेत्रफळ ६१६ चौरस फूट, अर्थात् दर फूट खोलीस ६.१६ ब्रास. कोणी व्यासास व्यासानेंच गुणिलें तर ७८४ येतात, व मालकास दर फुटामागें १.६८ ब्रासांचे पैसे फुकट द्यावे लागतात. उलट दोरीनें घेर मोजून त्याच्या चौथाईचा, म्हणजे २२ चा, वर्ग केला तर ४८४ येतात, व खोदणाऱ्याची १.३२ ब्रासांची मजुरी बुडते. चाळीस फूट खोलीस पहिली चूक ६७ ब्रासांवर जाते आणि दुसरी जवळजवळ ५३ ब्रासांवर. एकीनें मालक बुडतो, दुसरीनें कष्टकरी; आमच्या मतें दोन्ही सारख्याच वाईट.

अर्धवर्तुळांत आणखी एक खोंच आहे. उताराच्या जमिनींत डाळिंबाच्या झाडाच्या खालच्या अंगास १४ फूट व्यासाचा अर्धचंद्राकृति बांध घातला, तर बांधाची लांबी २२ फूट व आंतील क्षेत्र ७७ चौरस फूट भरतें. त्याच तुकड्यास सर्व बाजूंनीं तार लावावयाची झाल्यास सरळ बाजूचे १४ फूट मिळवून ३६ फूट तार लागेल. हे १४ फूट बांधाच्या मजुरींत धरूं नयेत, आणि तारेच्या खरेदींत विसरूं नयेत.

जलाशयाकाठीं सर्वांत मोठा खर्च नळांचा. उजनीच्या सुमारें ११७ अब्ज घनफूट साठ्यापैकीं निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. उन्हाळ्यांत पाणी मागें सरतें तसे नळ पुढें न्यावे लागतात. अशा वेळीं चार इंची दोन नळ मिळून आठ इंच, म्हणून ते सहा इंची एका नळाहून अधिक पाणी आणतील, असा समज होतो. परंतु नळाचें तोंड व्यासाच्या वर्गाप्रमाणें वाढतें. दोन लहान नळांचे १६ व १६ मिळून ३२ भाग, तर एकट्या मोठ्याचे ३६. शिवाय पाणी नळाच्या आंतल्या परिघास घासतें. तो परीघ दोन लहानांचा मिळून ८ भाग व मोठ्याचा ६ भाग. म्हणजे तोंड कमी आणि घर्षण अधिक. हल्लीं शेतीच्या प्लास्टिक नळांचें माप बाहेरील व्यासाच्या मिलिमीटरांत असतें. हिशेब मात्र आंतल्या व्यासाचा करावा.

कोणी म्हणेल, यासाठीं ठेकेदार आहे, दुकानदार आहे, आणि आतां खिशांत हिशेब करणारें यंत्रही आहे. यंत्र गुणाकार बिनचूक करितें हें खरें. पण कशास कशानें गुणावयाचें तें त्यास आपणच सांगावें लागतें.

यास्तव आमची सूचना अशी कीं, काम सुरू होण्यापूर्वीं मोजणीची रीत उभय पक्षांनीं लिहून घ्यावी. मोजणी दोघांसमक्ष व्हावी, आणि विहीर क्वचितच पुरी वाटोळी असते म्हणून व्यास दोन दिशांनीं घेऊन त्यांची सरासरी धरावी. गांवच्या शाळेंतील मुलांस हें गणित फळ्याबरोबर खळ्यावरही शिकवावें, आणि पुढील मोजणीच्या दिवशीं प्रत्येक शेतकऱ्यानें आपल्या मुलामुलींस दोरी घेऊन बरोबर न्यावें.