खिडकी उघडावी की लावावी?

गेल्या आठवड्यात एक आजी दवाखान्यात आल्या. वय सत्तरीच्या घरात, दम्याचा जुना त्रास. अंबरनाथ पश्चिमेला, मोरिवली एमआयडीसीच्या अंगाला त्यांच्या पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता आणि चार शब्द बोलतानाही धाप लागत होती. मी तपासून नेहमीचा उन्हाळी सल्ला दिला : पाणी भरपूर प्या, रात्री खिडक्या उघड्या ठेवा. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, मागच्या खेपेला तुम्हीच सांगितलंत, वास आला की खिडक्या लावून घ्या. लावली तर खोलीची भट्टी होते, उघडली तर डोळे चुरचुरतात नि खोकल्याची उबळ थांबत नाही. आता मी करू काय?"

मी निरुत्तर झालो. दोन्ही सल्ले माझेच होते आणि दोन्ही बरोबर होते. फक्त ते एकाच घरात एकाच वेळी पाळता येत नव्हते. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात हा प्रश्न हजारो घरांचा आहे.

उष्णता आणि प्रदूषण यांचा आपण वेगवेगळा विचार करतो. शरीर तसा करीत नाही. बाहेर तापले की शरीर आपले तापमान 37 अंशांच्या आसपास राखण्यासाठी त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावते आणि घाम आणते. त्यासाठी हृदयाला अधिक वेगाने काम करावे लागते. आपल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. म्हणूनच पारा चाळिशीच्या आत असला तरी निर्धास्त राहू नये. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात 14 जणांचे प्राण गेले, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

याच वेळी श्वासावाटे धूळ आणि धूर आत जातो. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचतात. त्यांतील काही रक्तातही उतरतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांना सूज येते, गुठळी होण्याचा धोका वाढतो. घामाने आधीच दाट झालेल्या रक्ताला हे अधिकच घातक. शिवाय वाहनांच्या आणि कारखान्यांच्या वायूंवर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो कोणत्याही धुराड्यातून निघत नाही, उन्हातच शिजतो. दुपारी घसा खवखवतो, छाती भरून येते, त्यामागे पुष्कळदा तोही असतो. म्हणजे ऊन स्वतः त्रास देतेच, वर हवाही बिघडवते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 2014 ते 2019 या काळातील मृत्यूंचा अभ्यास झाला. केवळ अतिउष्ण दिवशी मृत्यूचा धोका सुमारे 6 टक्क्यांनी आणि केवळ अतिप्रदूषित दिवशी सुमारे 5 टक्क्यांनी वाढलेला दिसला. दोन्ही एकत्र आले त्या दिवशी मात्र तो 21 टक्क्यांनी वाढला. 6 आणि 5 मिळून 11 व्हायला हवेत, झाले 21. डॉक्टरांनी आणि कारभाऱ्यांनी हे गणित लक्षात ठेवावे.

12 सप्टेंबर 2024 च्या रात्री अंबरनाथमध्ये रासायनिक धुराचे लोट पसरले, समोरचे दिसेनासे झाले, लोकांचे डोळे आणि घसे जळजळले. त्याची बातमी झाली. रोज रात्री येणाऱ्या उग्र वासाची आणि कोपऱ्यावर पेटलेल्या कचऱ्याची बातमी होत नाही. उकाड्यात खिडक्या उघड्या ठेवून झोपणारी माणसे मात्र तेच श्वासात घेतात.

माझे मत असे की, उष्णतेचा इशारा आणि हवेचा इशारा नागरिकांना एकत्रच मिळाला पाहिजे. हे अशक्य नाही. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि 2017 मध्ये हवेच्या इशाऱ्याचीही योजना आणली. आपल्याकडे तीव्र उन्हाच्या दिवसांत प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांची तपासणी रात्रीही करावी. नगरपालिकेने कचरा जाळणे कडकपणे थांबवावे, कल्याण-बदलापूर रस्त्याकडेची धूळ उचलावी आणि वृद्धांना दुपारी टेकता येईल असे एखादे थंड सभागृह खुले ठेवावे.

तोवर आपण काय करावे? बारा ते चार बाहेरची कामे टाळावीत. लिंबू-मीठ-साखरेचे किंवा कोकमाचे सरबत घ्यावे. हृदयरोग, मूत्रपिंडाचा विकार किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना विचारावे. दम्याचा पंप बरे वाटले म्हणून बंद करू नये. साधा रुमाल धूळ थोडी अडवतो, वायू अडवत नाही. अंग तापून माणूस बरळू लागला, तर तापाची गोळी देत बसू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि 108 ला फोन करावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

आजींना मी पंपाची मात्रा ठरवून दिली. कारखान्यांकडची खिडकी बंद ठेवा, मागची उघडा, वास नसेल तेव्हा दोन्ही उघडा, पत्र्याला वरून चुना द्या आणि दुपारी लेकीच्या पक्क्या घरात जाऊन बसा, असे सांगितले. त्यांना थोडे बरे वाटेल. पण हा तात्पुरता उतारा आहे. कोणत्याही माणसाला घाम आणि धूर यांतून एकाची निवड करावी लागू नये. ते औषध माझ्या दवाखान्यात मिळत नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून मागितले पाहिजे.